धुंद, मस्त आणि तर्र: समानार्थाचा आभास

समानार्थी शब्द ही कोशकाराची सोय आहे. अनुवादकाला तिचा आधार फार काळ पुरत नाही. बंगळूरच्या इंदिरानगरातील एखाद्या मद्यगृहातून मध्यरात्री शंभर फुटी रस्त्यावर आलेला, इंग्रजी कथेतला तरुण आपण ‘हाय’ असल्याचे सांगतो, असे समजावे. या विशेषणात मद्याचा परिणाम आणि मनाची उसळी या दोन्ही गोष्टी एकजीव झालेल्या असतात. शब्द जसाच्या तसा ठेवावा, तर मराठीत ‘हाय’ हा दुःखोद्गार ठरतो आणि ‘हाय खाणे’ म्हणजे धसका घेणे. मग मराठी शब्द कोणता?

शब्दांची उणीव मुळीच नाही. धुंद, मत्त, मस्त, बेहोष, झिंगलेला, तर्र, टुन्न अशी मोठी मालिका उभी राहते. परंतु या शब्दांना एक साधा प्रश्न विचारावा: ‘कशाने?’ धुंद मनुष्य सुगंधाने, सुरांनी किंवा सत्तेनेही धुंद असू शकतो. मत्त हा धनानेही होतो. तर्र आणि टुन्न या शब्दांना मात्र हा प्रश्न विचारण्याचे कारणच उरत नाही. त्यांचे उत्तर गुत्त्यातच मिळते. पहिल्या गटात आनंदाला प्रतिष्ठा आहे, दुसऱ्या गटात उपहास आहे. केवळ उत्साहाची आणि नशेची सांगड निंदा वा गौरव न करता घालणारे विशेषण मराठीत सहसा सापडत नाही.

‘मस्त’ हा शब्द या दृष्टीने उद्बोधक आहे. फारसी ‘मस्त’ आणि संस्कृत ‘मत्त’ हे एकाच प्राचीन धातूपासून निघालेले सख्खे भाऊ. पैकी फारसी भाऊ मराठीत येऊन इतका सभ्य झाला की आज आमटीही मस्त होते. त्याचा मद्यगंध ‘मस्ती’ आणि ‘मस्तवाल’ यांत तेवढा उरला, तोही उद्दामपणाच्या रूपाने. म्हणजे शब्दाने मद्याचा त्याग केल्यावरच त्याला घरात प्रवेश मिळाला.

साहित्यातही हीच विभागणी दिसते. १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ने मराठीला ‘तळीराम’ हे विशेषनाम दिले आणि भाषेने त्याचे सामान्यनाम केले. आर्य मदिरा मंडळाचा हा वाचाळ सभासद विनोदी आहे. परंतु त्याचा विनोद ज्या संसारावर उभा आहे, तो सुधाकर-सिंधूंचा संसार उद्ध्वस्त होतो. या नाटकानंतर मराठी प्रेक्षकाला पिणाऱ्याविषयीचा शब्द तटस्थपणे ऐकणे अवघड झाले असल्यास नवल नाही. दुसऱ्या टोकाला माधव जूलियन. त्यांनी १९२९ मध्ये उमर खय्यामच्या रुबाया मराठीत आणल्या आणि १९३१ मध्ये फिट्झजेराल्डच्या इंग्रजी अवतारावरून ‘द्राक्षकन्या’ सिद्ध केली. या नावातच त्यांची युक्ती आहे. फारसी कवितेतील ‘द्राक्षवेलीची कन्या’ त्यांनी संस्कृत समासाचे वस्त्र नेसवून मराठी वाचकापुढे उभी केली. मदिरेला प्रतिष्ठा मिळाली खरी. परंतु ती बोलीपासून दूर जाऊन मिळाली. इंदिरानगरच्या रस्त्यावरील तरुणाला हे वस्त्र शोभणार नाही. तो गडकऱ्यांचा तळीराम नाही आणि खय्यामचा साकीही नाही.

तेव्हा विशेषणाचा हट्ट सोडून क्रियापदाकडे वळावयास हवे. मराठीत दारू चढते. तसाच मैफलीला रंग चढतो, अंगात स्फुरण चढते, तापही चढतो. इंग्रजी विशेषणातील उंचीची कल्पना मराठीने ‘चढणे’ या क्रियापदात सांभाळून ठेवली आहे, आणि येथे उत्साह व नशा यांची फारकतही होत नाही. तथापि एक भेद उरतोच. इंग्रजीत तो तरुण स्वतः उंच असतो. मराठीत ‘त्याला चढलेली’ असते. कर्ता तो नव्हे. कर्ती आहे ती दारू, आणि तिचे नाव घेण्याचीही गरज पडत नाही. ‘अंमल’ हा शब्द हीच दृष्टी अधिक स्पष्ट करतो. पेशव्यांचा अंमल आणि अफूचा अंमल, दोन्ही राज्येच. १६३८ नंतर जे बंगळूर शहाजीराजांची जहागीर झाले, तेथील कन्नडमध्येही ‘अमलु’ म्हणजे नशा, आणि जुन्या म्हैसूर संस्थानातील तालुक्याचा अधिकारी ‘अमलदार’.

म्हणून ‘चढली आहे’ हा पर्यायही पूर्णतः निरुपद्रवी नाही. इंग्रजी वाक्यातील तरुण आपल्या अवस्थेचा धनी असतो. मराठी वाक्यात त्याच्यावर दुसऱ्याची सत्ता असते. तरीही हाच पर्याय अधिक प्रामाणिक होय. ‘धुंद’ म्हणून त्याला कवी करणे किंवा ‘तर्र’ म्हणून त्याला गुत्त्यात बसविणे, हा लेखकाने न दिलेला निकाल अनुवादकाने देणे आहे. पात्राच्या मुखी तो निकाल जाऊ नये, इतकी दक्षता कोशातील समानार्थी शब्दांची रांग कधीच घेत नाही; ती अनुवादकालाच घ्यावी लागते.