रेकॉर्ड, कान आणि अंगठा : फिंगरस्टाइल गिटार ऐकून शिकण्याविषयी

आजचा विषय वरवर पाहता अगदी छोटा आहे. फिंगरस्टाइल गिटारवरची एखादी रचना नुसती रेकॉर्ड ऐकून बसवायची, म्हणजे नेमकं काय करायचं? हे तंत्राचं काम आहे, यात समीक्षेचा काय संबंध, असं आपल्यापैकी काहींना वाटेल. आमचं म्हणणं असं आहे की कानाने बसवलेली प्रत्येक रचना ही मूळ वादनावरची एक समीक्षाच असते. काय महत्त्वाचं, काय दुय्यम, कुठे जोर, कुठे सैल, हे सगळं शिकणाऱ्याला ठरवावं लागतं. आणि आज तयार टॅब हाताशी आल्यामुळे आपण जे गमावतो आहोत, ते हे ठरवणं.

आधी एक उदाहरण घेऊ. मिसिसिपी जॉन हर्ट. ॲव्हलॉन नावाच्या लहानशा वस्तीतला शेतमजूर. 1928 साली ओके कंपनीसाठी त्याने मेम्फिसला आणि नंतर न्यूयॉर्कला काही गाणी ध्वनिमुद्रित केली. ती फारशी खपली नाहीत आणि हर्ट परत शेतावर गेला. 1952 साली हॅरी स्मिथने जुन्या रेकॉर्डमधून निवडलेला अमेरिकन लोकसंगीताचा संग्रह फोकवेज कंपनीने काढला, त्यात हर्टची दोन गाणी होती. नव्या पिढीतल्या गिटारवादकांनी ती ऐकली. पण हा माणूस कोण, कुठे आहे, जिवंत तरी आहे का, याचा पत्ता नव्हता. शेवटी त्याच्याच एका गाण्यात गावाचं नाव होतं, त्यावरून टॉम हॉस्किन्सने 1963 साली त्याला शोधून काढलं. त्याच वर्षी हर्ट न्यूपोर्टच्या महोत्सवात वाजवत होता. 1966 साली तो गेला.

ही गोष्ट मनोरंजक आहेच, पण आपल्या दृष्टीने तिचं महत्त्व वेगळं आहे. काही वर्षं हे वादन लोकांकडे फक्त आवाजाच्या रूपात होतं. हात दिसत नव्हते. आणि मग एके दिवशी हात दिसले. कानाने काढलेला निष्कर्ष डोळ्याने पडताळून पाहण्याची अशी संधी संगीतात क्वचितच मिळते.

हर्टची जुनी रेकॉर्ड पहिल्यांदा ऐकली की दोन गिटारी वाजताहेत असं वाटतं. एक खालचा ठेका धरून आहे, दुसरी वर चाल वाजवते आहे. प्रत्यक्षात गिटार एकच. अंगठा खर्जाच्या तारांवर आलटून पालटून, घड्याळासारखा चालतो आणि वरची चाल दोन बोटं सांभाळतात. चालीतले कितीतरी सूर अंगठ्याच्या दोन ठोक्यांच्या मध्ये पडतात. सगळी गंमत त्या मधल्या जागेत आहे. म्हणून ऐकून शिकणाऱ्याने पहिल्यांदा चाल शोधू नये, अंगठा शोधावा. चाल आपोआप कानात शिरते. अंगठा मात्र मुद्दाम ऐकावा लागतो, कारण तो इतका नियमित असतो की कान त्याला गृहीत धरतो.

बरं, सूर सापडले म्हणजे काम झालं का? नाही. गिटारवर एकच सूर अनेक ठिकाणी मिळतो. सर्वांत बारीक तार मोकळी छेडली तर जो सूर येतो, तोच दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर येतो, तिसरीच्या नवव्या आणि चौथीच्या चौदाव्या फ्रेटवरही येतो. सूर तोच, पण आवाज तो नव्हे. मोकळी तार घुमते, दाबलेली जरा गोलसर आणि आखूड बोलते. मग मूळ वादकाने कुठे दाबलं हे कळायचं कसं?

इथे कान एखाद्या गुप्तहेरासारखा चालतो. दोन सूर एकमेकांवर रेंगाळत असतील, तर ते एकाच तारेवरचे असूच शकत नाहीत. एखादा सूर बाकीचे बदलले तरी मागे घुमत राहतो, म्हणजे तो बहुधा मोकळ्या तारेचा. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये सर्वांत जाड तार ई सुरात असते. रेकॉर्डवर त्याच्याही खालचा डी ऐकू आला, की तार उतरवलेली आहे हे नक्की. आम्ही स्वतः एक रचना महिनाभर नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये बसवत होतो. बोटं ताणून ताणून दुखायला लागली. आमचं ठाम मत होतं की वादक अचाट आहे. मग एकदा तो खालचा डी नीट ऐकू आला. तार सैल केली आणि जे अशक्य वाटत होतं ते दोन बोटांत बसलं. सूर आम्हाला पहिल्या आठवड्यातच सापडले होते, वादन मात्र महिन्यानंतर समजलं.

जुन्या रेकॉर्डच्या बाबतीत आणखी एक पेच असतो. ध्वनिमुद्रणाच्या वेळची तबकडीची गती आणि आपण वाजवतो ती गती यांत फरक असला, तर लय आणि पट्टी दोन्ही सरकतात. मग सूर दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी लटकतो. अशा वेळी कॅपो किती फ्रेटवर होता याची चर्चा करत बसण्यात अर्थ नसतो. आकार ओळखावा आणि पुढे जावं.

लय कमी करून ऐकण्याची युक्तीही नवी नाही. साडेतेहतीस फेऱ्यांच्या जवळपास असलेली लाँगप्ले तबकडी सोळाच्या खटक्यावर टाकली की गती बरोबर निम्मी होते आणि सगळं एक सप्तक खाली जातं, पट्टी मात्र तीच राहते. कितीतरी गिटारवादक असे शिकले. आता फोनवर पट्टी न बदलता गती कमी करता येते. सोय मोठीच आहे, पण एक धोका आहे. निम्म्या गतीत हर्टचा मधला सूर मोजता येतो, आणि जे मोजता आलं ते आपण मोजूनच वाजवतो. सूर बरोबर जागी पडतो आणि झुलणं नाहीसं होतं. म्हणून हळू ऐकावं ते बोट कुठे आहे हे कळण्यासाठी. चाल कशी चालते हे कळण्यासाठी पुन्हा मूळ गतीतच यावं लागतं.

आता दुसरं उदाहरण. डेव्ही ग्रॅहमची 'अँजी'. इंग्लंडमध्ये 1962 साली प्रसिद्ध झालेली छोटीशी रचना. अंगठा खर्जात ए, जी, एफ, ई असा पायऱ्या उतरत राहतो आणि वर बोटं ब्लूजच्या अंगाने बोलतात. बर्ट जॅन्शने ती 1965च्या आपल्या पहिल्या अल्बममध्ये घेतली, पॉल सायमनने 1966मध्ये 'साउंड्स ऑफ सायलेन्स'मध्ये. गंमत म्हणजे नावाचं स्पेलिंगसुद्धा या प्रवासात एकसारखं राहिलं नाही. जॅन्श तार अक्षरशः खेचून सोडतो आणि मध्येच नॅट ॲडर्लीच्या 'वर्क साँग'ची चाल आणून बसवतो. सायमनचं वादन स्वच्छ आणि आटोपशीर आहे. तिघांचा अंगठा एकाच पायऱ्या उतरतो, पण तिघांनी त्या उतरण्याचा अर्थ वेगवेगळा लावला आहे. जॅन्शला तिथे धग ऐकू आली, सायमनला रेखीवपणा. आम्हाला विचाराल तर जॅन्शचं ऐकणं अधिक खोल आहे, कारण त्याने या रचनेचं जॅझशी असलेलं नातं ओळखलं आणि ते उघड वाजवून दाखवलं. समीक्षक लेखात जे सांगेल, ते त्याने तारांवर सांगितलं.

मग काय, चुकीचं ऐकलं तरी चालेल? तसं आम्ही म्हणत नाही. आळसाने झालेली चूक आणि शोधता शोधता झालेली चूक यांत फरक आहे. हर्टचा अंगठा गाळून नुसती चाल वाजवणं हा आळस. त्याचा खर्ज तळहाताने दाबून वाजवणं ही दुसरी चूक. तसा दबका खर्ज मर्ल ट्रॅव्हिसचा, चेट ॲटकिन्सचा, हर्टचा खर्ज मोकळा बोलतो. टॅबमध्ये तार आणि फ्रेट यांचे आकडे असतात. हा दाब, हे मोकळेपण आकड्यात मावत नाही. शिवाय एकाने टॅबमध्ये केलेली चूक हजार जण तशीच्या तशी वाजवतात. कानाने शिकणारे हजार जण हजार ठिकाणी चुकले असते, आणि त्यातल्या एखाद्या चुकीतून नवीन काही निघालंही असतं.

टॅबच्या बाजूनेही बोललं पाहिजे. ज्यांच्याजवळ शिकवणारं कोणी नाही, ज्यांचा कान अजून तयार नाही, त्यांच्यासाठी टॅबने दार उघडलं. त्याला नावं ठेवणं हा उद्धटपणा होईल. प्रश्न फक्त क्रमाचा आहे.

आपल्याकडचा एक दाखला इथे आठवतो. कुमार गंधर्व लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब गात. लोक थक्क होत. त्याही तबकड्या हर्टच्या तबकड्यांसारख्याच, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांच्या, म्हणजे मोठ्या गाण्याचा कापून बसवलेला अर्क. पुढे मुंबईला देवधर मास्तरांकडे शिक्षण झालं, आणि नंतर जे कुमारजी आपण ओळखतो ते कोणाच्याच तबकडीसारखे गात नव्हते. नक्कल ही त्यांची सुरुवात होती. ती इतकी बारकाईने केली होती म्हणूनच तिच्यापलीकडे जाता आलं, असं आम्हाला वाटतं.

तर करावं काय? रचना आधी गुणगुणता येईपर्यंत ऐका. मग अंगठा शोधा. मग मोकळ्या तारा. मग आपल्याला सुचेल तिथे बोटं ठेवून पूर्ण रचना बसवा, चुकीची का असेना. त्यानंतर टॅब उघडा, किंवा वादकाचं चित्रण असेल तर पाहा. हर्टचं पीट सीगरच्या 'रेनबो क्वेस्ट' कार्यक्रमातलं चित्रण उपलब्ध आहे. जिथे तुमचं आणि त्याचं वेगळं आलं, तिथे थांबा आणि का ते विचारा. बहुतेक वेळा तुमचं चुकलेलं असेल, ते सुधारा. एखाद्या ठिकाणी मात्र वाटेल की नाही, मला इथे असंच ऐकू येतं. ती जागा तशीच ठेवा आणि पुढच्या वेळी भेटाल तेव्हा आम्हाला वाजवून दाखवा.