चौकटीतले शब्द, शिडाची नौका

ऑक्टोबर 1962. क्युबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं बसवली जात असल्याचे फोटो हाती आलेले. व्हाइट हाउसमध्ये सल्लागारांचा खल चाललाय, सेनापतींना हवाई हल्ला हवाय, आणि अध्यक्ष जॉन केनेडी ऐकता ऐकता कागदावर गिरगटतायत. त्यांचे असे कागद बॉस्टनच्या केनेडी ग्रंथालयात आहेत. बैठक उठली की टेबलावरचे चिठोरे त्यांच्या सचिव एव्हलिन लिंकन उचलून ठेवत. नाहीतर ते कचऱ्यातच जायचे.

त्यात वाचण्यासारखं फारसं नाही. 'मिसाइल' पुन्हा पुन्हा लिहिलेलं. काही शब्दांभोवती चौकटी. मला त्या चौकटीच बोलक्या वाटतात. टिपणं घेणारा पुढच्या मुद्द्याकडे सरकतो. चौकट काढणारा तिथेच थांबतो. समोरचे उत्तर मागतायत आणि हा गडी ते लांबणीवर टाकतोय, हातानं. याला कंटाळा म्हणायला मी तयार नाही.

आणि मग क्युबाच्या नाकेबंदीचा उल्लेख असलेल्या कागदावर एक शिडाची नौका! केनेडी लहानपणापासूनचे दर्यावर्दी. 1943 साली सॉलोमन बेटांजवळ त्यांची 'पीटी-109' ही बोट जपानी विनाशिकेनं दुभंगली होती. अखेर त्यांनी निवडलेला उपायही समुद्रातलाच, जहाजांचं कडं. नौकेमुळे निर्णय सुचला असं म्हणणं मात्र भाबडेपणाचं. हाताला सवयीची रेघ सुचली, इतकंच.

आमच्या इगतपुरीत धम्मगिरी या विपश्यना केंद्रात या गिरगटण्याच्या अगदी उलटं. विपश्यनेच्या दहा दिवसांत बोलणं नाही, वाचणं नाही, लिहिणंही नाही. मन गिरगटायचं थोडंच थांबतं? पण तिथं ते नुसतं बघायचं. कागदावर उतरायची सोय नाही. केनेडींच्या मनाचा चाळा त्यांच्या हातानं परस्पर नोंदवून ठेवला.

त्यांनी बैठकांचं गुपचूप ध्वनिमुद्रणही केलं होतं. त्या फितींवर सल्लागारांची घाई ऐकू येते, अध्यक्षांचे प्रश्नही. पण यंत्राचं बटण केनेडींच्याच हाती होतं आणि ते चालू असल्याचं त्यांना ठाऊक होतं. रेघोट्या मारताना पुढे कुणी त्या भिंग लावून पाहील, हे बहुधा त्यांच्या गावीही नसावं. म्हणून फितींपेक्षा माझा या चिठोऱ्यांवर अधिक भरवसा.