दात्यांचें द्रव्य आणि दप्तराची पारख

१९१५ च्या आर्मेनियन संहाराविषयींच्या तलात पाशाच्या तारा आंदोनियन यांनीं नईम एफेंदीच्या आठवणींसह प्रसिद्ध केल्या. १९८३ त ओरेल व युजा यांनीं त्या बनावट ठरविल्या. तानेर आक्चाम यांनीं 'किलिंग ऑर्डर्स' (२०१८) या ग्रंथांत नईमचें अस्तित्व, आखीव कागद व सांकेतिक अंक यांवरील आक्षेप उस्मानी दप्तराच्याच आधारें खोडून काढिले आहेत. ग्रंथकार त्या वेळीं क्लार्क विद्यापीठांत दात्यांच्या देणगीनें चालणाऱ्या अध्यासनावर होते; तेथेंच या विषयाचे संशोधक विद्यार्थीही तयार होतात.

मात्र मूळ आठवणी गहाळ असून गेर्गेरियन या धर्मगुरूनें घेतलेल्या छायाचित्रांवरच भिस्त आहे. छायाचित्रावरून शाईची पारख होत नाहीं, एवढें न्यून राहतें. संहार टळावा म्हणून द्रव्य देणारांनीं अस्सल कागद राखणारे व वाचणारे आधीं निर्माण करावे, असें आम्हांस वाटतें. कागद हरवला कीं नाकारणारास वाट मोकळी होते.