न ढकलणारी सुई

मोतीबिंदूच्या फेको शस्त्रक्रियेचा व्हिडिओ लागला की सगळ्यांची नजर सुईच्या टोकावर खिळते. माझ्या मते पाहायचं ते समोरच्या मोतीबिंदूच्या तुकड्याकडे. तो टोकाशी टिकतो की उडतो, यातच तंत्राची खरी कसोटी.

न्यूयॉर्कच्या चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये अल्ट्रासाऊंडने कंपणाऱ्या सुईचं हे तंत्र माणसाच्या डोळ्यात पहिल्यांदा वापरलं. कल्पना सुचली दंतवैद्याच्या खुर्चीत, दातांवरचं किटण काढणाऱ्या यंत्रावरून. लाँजिट्यूडिनल पद्धतीत सुई पुढे-मागे हलते, सेकंदाला साधारण ४० हजार वेळा. पुढे जाताना न्यूक्लिअस, म्हणजे मोतीबिंदूचा गाभा, फोडते, पण त्याच धक्क्याने तुकड्याला लोटूनही देते. यंत्राच्या ओढीने तो परत येतो, पुन्हा लोटला जातो. ही थरथर पडद्यावर चक्क दिसते, आणि जीव घाबरतो तो वरच्या कॉर्नियासाठी.

कॉर्नियाच्या आतल्या अंगाला एंडोथेलियम असतं, जेमतेम एका पेशीच्या जाडीचं. प्रौढ डोळ्यात चौरस मिलिमीटरला अडीच हजारांच्या आसपास पेशी. कॉर्नियातलं पाणी त्या अखंड उपसतात, म्हणून तो पारदर्शक राहतो. तुकडे आदळून गेलेल्या पेशीच्या जागी नवी येत नाही. शेजारणी पसरून जागा भरून काढतात. संख्या पाचशेच्या खाली घसरली, तर कॉर्निया सुजण्याचा धोका. मग कितीही उत्तम लेन्स बसवा, दिसणार धूसरच.

आता टॉर्शनल पद्धत पाहावी. वाकड्या टोकाची सुई स्वतःभोवती डावी-उजवी हेलकावते, सेकंदाला ३२ हजार वेळा. दोन्हीकडे जाताना कापते आणि ढकलत जवळजवळ नाहीच. तुकडा टोकाशी शांत बसून झिजत जातो. हालचाल टोकाशी मोठी, छेदाजवळ लहान. त्यामुळे जखमेपाशी उष्णताही कमी. वाकड्या टोकाच्या या सुईला केलमन यांचंच नाव आहे, याचा मला फार आनंद वाटतो.

दोन्ही पद्धती शेजारी ठेवून झालेल्या अनेक चाचण्यांत टॉर्शनलला ऊर्जा कमी लागल्याचं दिसलं. मऊ मोतीबिंदूत मात्र पेशींच्या हानीतला फरक फारसा जाणवत नाही. पिकलेल्या, कडक न्यूक्लिअसमध्ये तो महत्त्वाचा ठरतो. पण तिथेच सुईचं तोंड तुंबतंही. मग यंत्र मध्येच पुढे-मागे हालचालीचे छोटे झटके देऊन ते मोकळं करतं. ज्या धक्क्याने तुकडा उडत होता, त्याचाच इतका मोजका वापर! मला या तंत्रातली ही सर्वांत देखणी जागा वाटते.

तरी नुसत्या सुईवर भागत नाही. नागाहारा या सर्जनच्या चॉप पद्धतीने न्यूक्लिअस आधीच फोडून घेतला, की अल्ट्रासाऊंड लागतोच कमी. आणि कडक तुकडे काढताना कसलेला सर्जन मध्येच पेडलवरचा पाय उचलतो, कॉर्नियाखाली संरक्षक जेलचा आणखी एक थर भरतो, मगच पुढच्या तुकड्याला हात घालतो.