कंपनीच्या वकिलाचे गद्य

आपली समीक्षा कविता वाचते, आत्मकथन वाचते. कंपनीचा वकील कामगाराविरुद्ध लिहितो ती कैफियत मात्र वाचत नाही. माझ्या वडिलांच्या हाती अशी कैफियत आली तेव्हा मी शाळेत होतो. घरात इंग्रजी वाचणारा मीच. कंपनीच्या लेखी वडील तिचे कामगार नव्हतेच; ते कंत्राटदाराचे माणूस होते.

दोन्ही बाजूंचे बळ सारखे नाही, हे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने ओळखले होते. समेटाच्या कामात वकिलाला मज्जाव होता. कामगार न्यायालयात विरुद्ध पक्षाची संमती आणि न्यायालयाची परवानगी लागे. पण वकील मालकांच्या संघटनेचा पदाधिकारी असेल तर ही अट नाही, असे पारादीप बंदराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली ठरवले. युनियनलाही तीच मुभा होती. ऐपत कोणाची होती, हे सांगायला नको. वकिलाचे नाव बदलले की दार उघडते, कामगाराचे बदलले की बंद होते.

कंत्राट निव्वळ देखावा ठरले तर कामगार मूळ मालकाचाच, असे २००१ च्या स्टील अथॉरिटी निकालाने सांगितले. म्हणून वकिलाचे खरे काम तंट्याआधीच सुरू होते. हजेरी, रजा, पगार, सारे कंत्राटदाराच्या नावे राहील असा सल्ला तो देतो.

माझा एक विद्यार्थी आज अशाच कचेरीत मसुदे लिहितो. त्याला मी दोष देत नाही. पण आपल्या माणसाची व्याख्या या मसुद्यांत होते. आपल्या समीक्षेने ते वाचायला घेतलेच पाहिजेत.