कोळ्याचा वेश आणि बैलाची घंटा : कोरियन निसर्गपटांतील श्रमाचा प्रश्न

कोरियन भाषेत निसर्गासाठी 'जायॉन' हा शब्द रूढ आहे. चिनी लिपीतील ज्या दोन चिन्हांवरून तो सिद्ध झाला, त्यांचा शब्दशः अर्थ 'आपोआप तसे असणे' असा होतो. मराठीतील 'निसर्ग' या संज्ञेच्या मुळाशी 'सृज्' हा धातू, म्हणजे बाहेर सोडणे, उत्पन्न करणे ही क्रिया आहे. तेथे कर्त्याची चाहूल राहते. 'जायॉन'मध्ये कर्ता नाही. दक्षिण कोरियात अलीकडच्या काळात निर्माण झालेले निसर्गविषयक माहितीपट आणि मनोरंजनपर मालिका पाहताना हा भेद हाताशी ठेवणे उपयुक्त ठरते. आपोआप असणाऱ्या निसर्गाचे चित्र रंगवायचे, तर नांगरणारा, जाळे ओढणारा, भाजी निवडणारा हात चौकटीबाहेर ठेवावा लागतो. तो हात कोठे दिसतो आणि कोठे लपतो, या कसोटीवर काही वेचक कृती तपासून पाहता येतील.

या प्रश्नाला कोरियन साहित्यात मोठी पूर्वपीठिका आहे. दरबार सोडून नद्या-सरोवरांच्या सान्निध्यात रमणाऱ्या विद्वानांच्या काव्याला 'गांगहो' परंपरा म्हटले जाते. तिच्या आरंभीच्या कवींपैकी मेंग सा-सॉंग याच्या ऋतुगीतात प्रत्येक कडव्याचा शेवट राजाच्या कृपेच्या स्मरणाने होतो. निसर्गाचा हा आनंद जणू मंजूर झालेली रजाच आहे. परंपरेचे शिखर म्हणजे युन सॉन-दो (1587–1671) याची 'ऑबू सासिसा' ही 1651 मधील रचना. प्रत्येक ऋतूला 10 याप्रमाणे 40 सिजोंच्या या मालिकेत वल्ह्यांच्या नादाचे अनुकरण करणारे पालुपद आहे, भरती-ओहोटी आहे, मासळी आहे. परंतु बोगिल बेटावर राहणारा हा कवी कोळी नव्हता. तो संपन्न घराण्यातील, राजकारणात हद्दपारी भोगलेला विद्वान होता. कोळ्याचा वेश त्याने काव्यात धारण केला. याउलट जॉंग हाक-यू याच्या एकोणिसाव्या शतकातील महिनावार शेतकरी-गीतात वर्ष मोजले जाते ते पेरणी, लावणी, कापणी यांनी. हा कवीही उच्च वर्गातील आणि काहीसा उपदेशप्रिय. तरी त्याच्या कवितेत कष्टाला वेळापत्रक आहे.

ना यॉंग-सॉक यांची 'सामशी सेक्की' (दिवसाची तीन जेवणे) ही मालिका 2014 मध्ये टीव्हीएन वाहिनीवर सुरू झाली. तिची कल्पना अत्यंत साधी आहे : नामवंत नटांनी खेड्यातील घरात राहावे आणि तीन वेळचे जेवण स्वतः रांधावे. जॉंगसॉनच्या डोंगराळ भागात चित्रित झालेल्या पहिल्या पर्वात एक मार्मिक योजना होती. मांस हवे असेल तर ते निर्मात्यांकडून उधार घ्यायचे आणि त्याची फेड शेतातील ज्वारीसारखे धान्य कापून करायची. मांसाच्या मोहापायी कर्ज वाढत जाते आणि कणसे कापणारे नट स्वतःला गुलाम म्हणवून घेतात. येथे श्रम दिसतो, परंतु विनोदाच्या रूपात. ज्या देशात कूळ आणि जमीनदार यांचा संघर्ष फार जुना नाही, तेथे कर्ज आणि वेठ यांचे हे खेळात झालेले रूपांतर पाहून समीक्षकाने थबकायला हवे.

मान्जे बेटावरील 2015 चे पर्व कलात्मक दृष्ट्या अधिक सरस आहे. मोक्पो बंदरातून तेव्हा बोटीने पाच-सहा तासांवर असलेले हे बेट बोगिलप्रमाणेच दक्षिण जॉल्ला प्रांतात येते, हा योगायोग बोलका आहे. चा सुंग-वॉन चुलीशी आणि यू हे-जिन गळ घेऊन खडकावर, अशी कामाची वाटणी होते. मासा लागत नाही, वारा थांबत नाही, आणि रिकाम्या हाताने परतणाऱ्या माणसाचा ओशाळेपणा हाच त्या दिवसाचा कथाभाग होतो. कोरियन मनोरंजनपर मालिकांत पडद्यावर सतत उमटणाऱ्या अक्षरांकडे साहित्याच्या अभ्यासकाने विशेष लक्ष द्यावे. कुत्र्याच्या मनातील विचार, बोकडाचा संताप, ढगाची कुरकुर हे सारे या अक्षरांतून बोलू लागते. हा निवेदक सर्वज्ञ, खट्याळ आणि अत्यंत प्रेमळ आहे. मौन मात्र त्याला सोसत नाही. पाऊस नुसता पडला आहे, असे सहसा घडत नाही. बेटावरील रहिवासी क्वचित दिसतात, तेही पाहुण्यांच्या अडचणींचे निमित्त म्हणून. युन सॉन-दोचा वेशधारी कोळी येथे पुन्हा अवतरला आहे, आणि तो तितकाच मोहक आहे. ही मालिका पाहू नये असे नव्हे. ती पाहताना वेश हा वेश आहे, याचे भान असावे इतकेच.

एमबीएन वाहिनीवर 2012 पासून चालू असलेल्या 'मी निसर्गमानव आहे' या मालिकेत वेशधाऱ्याऐवजी खरोखरच डोंगरात एकटी राहणारी माणसे भेटतात. दोन विनोदी कलाकार आळीपाळीने त्यांच्याकडे मुक्काम करतात. रानभाज्या, झऱ्याचे स्नान आणि मग रात्री गतायुष्याची कबुली, हा साचा ठरून गेला आहे. बुडालेला धंदा, दुर्धर आजार, दुरावलेले घर : डोंगराने यांना बोलावले नाही, शहराने बाहेर टाकले, हे मालिकेतूनच कळते, तरी तिचा सूर मुक्तीचाच राहतो.

परदेशी अरण्यांत हा दृष्टिकोन अधिक उघडा पडतो. 'जंगलचा नियम' या एसबीएसच्या मालिकेत 2019 मध्ये थायलंडच्या संरक्षित सागरी क्षेत्रातील महाकाय शिंपले काढल्याचे दाखविले गेले आणि वाहिनीला क्षमा मागावी लागली. एमबीसीचा 'अ‍ॅमेझॉनचे अश्रू' (2009–10) गंभीर आणि परिश्रमपूर्वक केलेला आहे, पण तोही अश्रू कोणाचे हे आधीच ठरवून निघतो.

ली छुंग-र्‍यॉल यांचा 'वॉनांग सोरी' (बैलाच्या घंटेचा नाद) हा माहितीपट मात्र निराळ्या कोटीतला आहे. 2009 मध्ये चित्रपटगृहांत आलेल्या या अल्पखर्ची कृतीला 29 लाखांच्या आसपास प्रेक्षक लाभले. उत्तर ग्यॉंगसांगमधील बोंगह्वा येथील एक वृद्ध शेतकरी, त्याची पत्नी आणि सुमारे 40 वर्षांचा बैल एवढाच परिवार. निवेदन नाही. त्याची जागा पत्नीच्या अखंड कुरकुरीने घेतली आहे : इतरांकडे यंत्रे आहेत, इतर औषध फवारतात, आपल्याच नशिबी हे का? नवरा फवारणीला नकार देतो, कारण शेतातले गवत बैल खातो. या एका कारणात पर्यावरणाचा सारा विचार सामावला आहे, परंतु त्याला त्याचे नावही ठाऊक नाही. बैल विकायला नेला असता बाजारात त्याची थट्टा होते. पोळ्याला बैलाची पूजा करणाऱ्या मराठी वाचकाला यातील करुणा सहज भिडेल. मात्र या चित्रपटात सण नाही, ओझे आहे. बैलावर प्रेम करणारा माणूसच त्याला अखेरपर्यंत कामाला जुंपतो आणि पत्नीचे शरीरही त्याच गाड्याला जुंपलेले असते. तिची तक्रार विनोदी वाटावी अशी संकलनाने सोय केली आहे, ही या कृतीची उणीव होय. चित्रपटाच्या यशानंतर त्या घरी बघ्यांची इतकी रीघ लागली की, दाम्पत्याला एकटे सोडावे असे आवाहन करण्याची वेळ आली.

ह्वांग युन यांचा 'सूरा' (2023 मध्ये प्रदर्शित) या परंपरेला सर्वांत दूर नेतो. सेमान्गुम येथे 33.9 किलोमीटर लांबीच्या बांधाने 2006 मध्ये समुद्र अडविला गेला आणि खाजणाचा विस्तीर्ण प्रदेश कोरडा पडू लागला. तेथील मासेमार स्त्रियांचे चित्रण दिग्दर्शिकेने तेव्हाच सुरू केले होते. त्यांतील एकीचा मृत्यू झाल्यावर तिने कॅमेरा ठेवून दिला. पुढे गुन्सानला राहायला आल्यावर, उरलेल्या खाजणात वर्षानुवर्षे पक्ष्यांची नोंद करणारी सामान्य माणसे तिला भेटली. या चित्रपटात नोंद ठेवणे हाच श्रम आहे : दुर्बीण, वही, चिखल आणि पुन्हा वही. स्थलांतरित पाणपक्ष्यांच्या थव्याचे सौंदर्य येथेही आहे, परंतु ते पाहणाऱ्याला त्याची किंमत ठाऊक आहे. बांध पूर्ण झाल्यानंतरच्या दिवसांची एक आठवण त्यात येते. तहानलेल्या चिखलावर पाऊस पडला; भरती आली असे समजून शिंपले वर आले, तोंड उघडून बसले, आणि ते पाणी गोडे होते.