एकाच विटेचे चार आकडे

भाजलेल्या विटेची उष्णता वाहकता किती? भारतीय मानक ब्यूरोने १९८७ साली इमारतींच्या कार्यात्मक गरजांविषयी एक हस्तपुस्तिका काढली (एस.पी. ४१). तिच्यात याचे उत्तर ०.८११ असे मिळते. तीच वाहकता किलोकॅलरी, मीटर आणि तास यांच्या हिशेबात मांडली, तर ०.६९७ येते. फूट-पौंड पद्धतीत ती ०.४६९ होते आणि त्याच पद्धतीतल्या दुसऱ्या प्रथेनुसार ५.६२. वीट एक, आकडे चार! चारही बरोबर आहेत. मात्र शेजारचे एकक पुसले, की चारही निरर्थक होतात.

आमची तक्रार आहे ती नेमकी या पुसण्याविषयी. भौतिकशास्त्राच्या तयार उत्तरांच्या पुस्तकांत आणि प्रयोगवह्यांत वाहकतेचा आकडा पुष्कळदा एकटाच उभा असतो. एकक असले तर ते रकान्याच्या माथ्यावर बारीक अक्षरात. विद्यार्थी आकडा उतरवून घेतो, माथा तसाच राहतो. परीक्षेत एककाचा अर्धा गुण जातो आणि विषय तिथेच संपतो.

आता कुणी म्हणेल, आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत स्वीकारली, १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने अमलातही आली. मग मेलेल्या फुटा-पौंडांची उठाठेव कशाला? आक्षेप रास्त आहे, पण पुरता खरा नाही. वातानुकूलन यंत्र आपण आजही ‘दीड टनाचे’ म्हणून विकत घेतो. तो टन म्हणजे तासाला १२,००० बी.टी.यू., अर्थात सुमारे ३.५२ किलोवॅट. नाशिक जिल्ह्यात द्राक्षांच्या शीतगृहात तर दोन टन शेजारीशेजारी नांदतात: एक मालाच्या वजनाचा, दुसरा यंत्राच्या शीतनक्षमतेचा. शिवाय अमेरिकेतली माहितीपुस्तके अजूनही बी.टी.यू. आणि इंचांत बोलतात. तेव्हा हे रूपांतर नुसते इतिहासाच्या तासाचे नाही.

खरी मेख फूट-पौंड पद्धतीच्या दोन प्रथांत आहे. पहिलीत लांबी, रुंदी, जाडी सगळे फुटांत, एकक बी.टी.यू. प्रति तास, प्रति फूट, प्रति अंश फॅरनहाइट. दुसरीत क्षेत्रफळ चौरस फुटांत, पण जाडी इंचांत. यात वेडेपणा काही नाही. भिंत फुटांनी मोजायची आणि तिच्यावरचा उष्णतारोधक थर इंचांनी, ही कारागिराची सोयच होती. परंतु त्यामुळे दोन प्रथांतल्या आकड्यांत बरोबर १२ पटींचा फरक पडतो आणि दोन्हींना ‘ब्रिटिश एकक’ हेच नाव दिले जाते.

ही १२ पट काय करू शकते? समजा, पिंपळगाव बसवंतच्या एका बागायतदाराला शीतखोली बांधायची आहे. भिंती १०० चौरस मीटर, बाहेर ४० अंश सेल्सिअस, आत शून्य. थर्माकोलची वाहकता सुमारे ०.०३५ वॅट प्रति मीटर प्रति केल्विन. थर १०० मिलिमीटरचा असेल, तर भिंतींतून १,४०० वॅट उष्णता आत येईल. आता हिशेबनीसाच्या हाती फुटांचे कोष्टक आले. त्यात थर्माकोलपुढे ०.०२०२ लिहिले आहे. त्याने तो आकडा इंचांच्या प्रथेतला समजून रूपांतर केले. उत्तर आले ०.००२९. या हिशेबाने जेमतेम ८.३ मिलिमीटरचा थर पुरतो! तसा तो बसवला आणि भिंतीलगतच्या हवेच्या थरांचा रोध हिशेबात घेतला नाही, तर उष्णता येईल १६,८०० वॅट. जिथे ०.४ टन शीतनक्षमता पुरायची, तिथे भिंतींसाठीच ४.८ टन लागेल. खोली थंड होणार नाही आणि द्राक्षे वाट पाहणार नाहीत.

ही चूक गुणाकाराची नाही आणि गणकयंत्र ती पकडणार नाही. पकडेल ते भौतिकशास्त्र. स्थिर हवेची वाहकता सुमारे ०.०२६ आहे आणि थर्माकोल म्हणजे बव्हंशी कोंडलेली हवाच. मग त्याची वाहकता हवेच्या नवव्या हिश्श्याइतकी कशी असेल? हा प्रश्न ज्याला सुचतो, तो वाहकता शिकला. ज्याला केवळ गुणांक पाठ आहे, तो शिकला नाही.

त्या गुणांकाचेही तसेच. १.७३१ हा आकडा पाठ करून घेण्यापेक्षा फळ्यावर उभा करावा. १ बी.टी.यू. म्हणजे १,०५५ ज्यूल, १ तास म्हणजे ३,६०० सेकंद, १ फूट म्हणजे ०.३०४८ मीटर आणि फॅरनहाइटचा १ अंश म्हणजे ५/९ केल्विन. १,०५५ ला उरलेल्या तिघांच्या गुणाकाराने, म्हणजे ६०९.६ ने भागले, की १.७३१ हाती येतो. इंचांच्या प्रथेसाठी त्याला १२ ने भागा: ०.१४४. इथे हुशार मुलेही ३२ वजा करू पाहतात. त्यांना थांबवून विचारावे, आपण तापमान मोजतो आहोत की तापमानांतला फरक? फरकात ३२ आपोआप उडून जातात. एवढे उमगले तरी तास सार्थकी लागला.

तक्रारीचा आणखी एक मुद्दा आहे तो फाजील अचूकतेचा. संगणक रूपांतर करून १.७३०७३५ असा गुणांक देतो आणि विद्यार्थी विटेची वाहकता सहा अंकांत लिहितो. वीट पावसाने भिजली, की तिच्या छिद्रांतल्या हवेची जागा पाणी घेते आणि पाण्याची वाहकता हवेच्या वीस पटींहून अधिक. नाशिकच्या जुन्या वाड्याची भिंत वैशाखात आणि श्रावणात एकच आकडा दाखवणार नाही. तिथे दोन अंक प्रामाणिक, तिसरा उसना.

महाविद्यालयात लीच्या तबकडीचा प्रयोग करून घेणाऱ्या शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. पुठ्ठ्याच्या वाहकतेचे उत्तर आले, की ते आणखी दोन एककांत लिहायला सांगावे आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न विचारावा: हवेपेक्षा जास्त आहे ना? तांब्यापेक्षा कमी आहे ना? तांब्याची वाहकता सुमारे ३८५ वॅट प्रति मीटर प्रति केल्विन. जुन्या कॅलरी-सेंटिमीटर-सेकंदाच्या हिशेबात ती ०.९२ दिसते. एककाविना ०.९२ वाचणारा मुलगा तांब्याला विटेच्या रांगेत बसवील, आणि दोष त्याचा नसेल. कोष्टक छापणाऱ्याने एकक आकड्याला चिकटून छापावे आणि शिकवणाऱ्याने एककाविना आकडा तोंडातून काढू नये. एवढी शिस्त दोघांनी पाळली, तर पिंपळगावच्या खोलीत चूक शिरायला जागा उरणार नाही.